सांगलीचा प्रयोग आणि नंतरच्या पाट्या

पाच नोव्हेंबर आला की नाट्यगृहांत नटराजाची पूजा होते, नांदी म्हटली जाते, ज्येष्ठ रंगकर्मींच्या खांद्यांवर शाली पडतात आणि १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांसमोर केलेल्या ‘सीता स्वयंवर’ची आठवण निघते. मराठी रंगभूमी दिन साजरा व्हायलाच हवा. प्रश्न इतकाच, की त्या दिवशी सांगलीत जे घडले ते जसेच्या तसे आज एखाद्या वातानुकूलित नाट्यगृहात उभे केले, तर पुढच्या रांगेतले किती जण त्याला नाटक म्हणतील?

कारण तिथे लिहिलेले संवाद नव्हते. सूत्रधार झांज-मृदंगाच्या साथीने पदे म्हणे. मंगलाचरण झाले की झाडपाला अंगावर बांधलेला, वनचराच्या सोंगातला विदूषक नाचत येई आणि सूत्रधाराची फिरकी घेई. मग गणपती. मग मोरावर बसून सरस्वती. तेव्हा कुठे आख्यानाला तोंड लागे. पदात जी कथा सांगितली तिच्या आधाराने पात्रे आपापल्या अकलेप्रमाणे भाषणे करीत. राक्षसपार्टीतली मंडळी तलवारी परजत जो गलका करीत, त्यावरून पुढच्या शिकलेल्या पिढीने या खेळांना ‘अलल्डुर्र’ नाटके म्हणून हिणवले. भावे यांच्या हाती होती ती पदांची वही. आपल्याकडे सार्वजनिक प्रयोगासाठी नाटकाची संहिता आधी परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवावी लागते. भावे यांनी काय पाठवले असते?

हे सगळे इतिहासजमा झाले आहे, असे मुंबई-पुण्यातल्या माणसाला वाटू शकते. कुडाळ, सावंतवाडी, वेंगुर्ले किंवा पलीकडे पेडणे इथल्या माणसाला तसे वाटणार नाही. कार्तिक सुरू झाला की तिथल्या देवळांच्या जत्रांत दशावताराची मंडळी पेटारे घेऊन उतरतात. गणपती येतो, सरस्वती येते, वेद चोरणारा संकासूर लोकांना हसवून घेतो आणि मग आख्यान लागते. आज रात्री कोणते आख्यान करायचे हे रंगायच्या वेळी ठरते. ज्याला जे पात्र मिळाले त्याने त्याचे बोलणे रंगमंचावरच जमवायचे. राजाचे सिंहासन म्हणजे एक साधे बाकडे. स्त्रीपार्टी आजही पुरुषच करतात, आणि ती अशी करतात की बघणाऱ्या बायकाही चकित होतात. भावे यांच्यापुढे कानडी मुलखातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळांचा नमुना होता, हे सगळे सांगतात. कोकणातला हा सख्खा भाऊ मात्र सांगायचा राहतो. सांगलीचा खेळ ‘आद्य नाटक’ ठरतो आणि दशावतार ‘लोककला’. दोहोंच्या बांधणीत फरक शोधायचा म्हटले तर दमछाक होईल.

भावे यांच्याही आधी तंजावरात शाहजीराजे भोसले सतराव्या शतकाच्या अखेरीस मराठी नाटके लिहीत होते, हा मुद्दा जाणकार दरवर्षी काढतात आणि दरवर्षी तो तितक्यावरच राहतो. पहिला कोण, या वादात आम्हाला फारसा रस नाही. एखाद्या खेळावर कोणती पाटी लागते आणि ती कोण लावतो, हे पाहणे अधिक उपयोगाचे आहे. मराठी नाट्यप्रकारांची नावे शास्त्र्यांनी ग्रंथ पाहून ठेवली असे क्वचितच झाले. ती ठेवली तिकीटविक्रीने, पोलिसांनी, स्पर्धांच्या नियमावल्यांनी आणि शहरांनी.

फार्सचेच घ्या. १८५१ मध्ये चिंतामणराव गेले, राजाश्रय आटला, आणि भावे मंडळी घेऊन फिरतीवर निघाले. १८५३ मध्ये त्यांचे खेळ मुंबईत झाले. तिकीट काढून येणारा प्रेक्षक आख्यानानंतर काहीतरी चटकदार मागू लागला, म्हणून पौराणिक खेळाच्या शेपटाला फार्स जोडण्याची चाल पडली. इंग्रजी नाट्यगृहांतून उचललेला हा शब्द आपल्या लोकांनी इतक्या मोकळ्या हाताने वापरला, की नारायणराव पेशव्यांच्या आणि अफझलखानाच्या वधावरचे खेळही ‘फार्स’ म्हणूनच लागत. त्यात हसण्यासारखे काय होते? काही नाही. देवादिकांचे नाही, गाण्यांचे नाही आणि माणसे माणसांसारखी बोलतात, एवढ्यावर त्या काळी फार्स होत असे. पुढे मराठीत जे गद्य, ऐतिहासिक आणि सामाजिक नाटक फोफावले, त्याचे एक मूळ या शेपटात आहे.

ज्याला कोणतीच पाटी लागू पडली नाही, त्याचे काय झाले तेही पाहण्याजोगे आहे. जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ लिहिले. जोशाच्या भाकितांना भुलून नागवला जाणारा कुणबी, त्याची बायको, आणि मध्येमध्ये येऊन प्रेक्षकांच्या वतीने बोलणारा विदूषक. आख्यानातला विदूषक इथे समाजाचा उलटतपासणी करणारा वकील झाला. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाकारले आणि ते शतकभर बासनात राहिले. म्हणून १८६१ मधले विनायक जनार्दन कीर्तने यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ हे पहिले स्वतंत्र लिखित नाटक असे आपण अनेक पिढ्या शिकलो. पाठ करून म्हणायच्या अशा नाटकांना लोक ‘बुकिश’ म्हणत. पुस्तकाबरहुकूम बोलणे ही तेव्हा नवलाची आणि थोडी थट्टेची गोष्ट होती. आज उलट झाले आहे.

मग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ लागले. किर्लोस्करांनी केलेली गोष्ट सांगायला एका ओळीची आहे: सूत्रधाराच्या तोंडची गाणी काढून ती पात्रांच्या तोंडी दिली. पण त्या एका बदलाने नटाला गवई व्हावे लागले, गवयाला नट, आणि पुढची पन्नास वर्षे महाराष्ट्र नाटकाला जाऊन गाणे ऐकू लागला. ‘संगीत’ ही तीन अक्षरे जाहिरातीत असणे-नसणे म्हणजे मंडळीचे पोट भरणे-न भरणे, इतकी ती पाटी महाग झाली. गोविंद बल्लाळ देवलांनी १८९३ मध्ये ‘फाल्गुनराव’ हे गद्य प्रहसन केले. त्याचे मूळ मोलिएरच्या १६६० मधल्या फ्रेंच नाटकात. ते आर्थर मर्फीच्या इंग्रजी नाटकावाटे आपल्याकडे आले. तेच नाटक पदे घालून १९१६ मध्ये ‘संगीत संशयकल्लोळ’ झाले. ‘फाल्गुनराव’ आज अभ्यासकांखेरीज कुणाला ठाऊक नाही; ‘संशयकल्लोळ’ शंभर वर्षांनीही लागते.

पाटीचा सगळ्यात धूर्त वापर कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी केला. इंग्रज सरकारने १८७६ मध्ये बंगालातल्या नाटकवाल्यांना आवरण्यासाठी नाट्यप्रयोगांचा कायदा केला होता. त्या कायद्याच्या नजरेसमोर १९०७ मध्ये ‘कीचकवध’ उभे राहिले. कागदोपत्री पौराणिक नाटक, महाभारतातली सर्वांना पाठ असलेली गोष्ट. पण थिएटरात बसलेल्या प्रत्येकाला कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन हे न सांगता कळत होते. सरकारला ते कळून बंदी घालायला १९१० उजाडले. देवादिकांचा पडदा नसता तर तीन वर्षे सोडा, तीन प्रयोगही झाले नसते. (तो १८७६ चा कायदा आपल्या संसदेने रद्द केला २०१८ मध्ये. स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षे तो कायद्याच्या पुस्तकात राहिला, याचा अर्थ वाचकांनीच लावावा.)

हीच युक्ती खालच्या अंगाने, जास्त धोका पत्करून, तमाशाने केली. गण, गवळण, बतावणी, वग अशी त्याची घडण पक्की होती. सत्यशोधक जलशाने ती घेऊन देवाऐवजी समाज उभा केला, आंबेडकरी जलशाने ती आणखी धारदार केली. भीमराव कर्डकांसारख्यांनी सभेचे काम जलशाकडून करून घेतले. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई सरकारने अश्लीलतेच्या नावाखाली तमाशावर बंदी घातली, तेव्हा अण्णा भाऊ साठे यांनी आपल्या खेळाला ‘लोकनाट्य’ म्हटले. गणेशाच्या जागी हुतात्म्यांना वंदन आले, गवळण गळाली, वग राहिला. पोलिसांना तमाशा बंद करायचा होता आणि समोर तमाशा नव्हताच! गंमत अशी, की बंदीतून सुटण्यासाठी घेतलेले हे नाव पुढे मध्यमवर्गाला फार आवडले. वसंत सबनिसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ १९६५ मध्ये आले, दादा कोंडके घराघरांत पोहोचले. फडावरचा तमाशा मात्र होता तिथेच राहिला. लोकनाट्याला बाल्कनीची तिकिटे, तमाशाला जत्रेतला तंबू.

नाट्यमन्वंतराबद्दल, एकांकिका स्पर्धांबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, ते इथे पुन्हा नको. पण सत्तरच्या दशकात या पाट्यांशी जो खेळ झाला तो सोडवत नाही. सतीश आळेकरांच्या ‘महानिर्वाण’मध्ये (१९७४) मेलेले भाऊराव स्वतःच्या मरणावर कीर्तन करतात. त्यांच्याच ‘बेगम बर्वे’त (१९७९) संगीत नाटकातला एक उपेक्षित स्त्रीपार्टी नट जुन्या पदांच्या धुंदीत जगतो. कीर्तन आणि संगीत नाटक हे प्रकार तिथे नाटकाचे कपडे नव्हते, नाटकाचा विषयच ते होते. याच अर्थाने प्राजक्त देशमुख यांच्या ‘संगीत देवबाभळी’ने (२०१७) आवली आणि रखुमाईला समोरासमोर आणून जाहिरातीवरचा ‘संगीत’ हा शब्द पुन्हा कमावला. जुन्या चालींची उजळणी न करता.

आणि तरीही व्यवहारात आपण हट्टाने दुसरीच वर्गवारी वापरतो: व्यावसायिक, प्रायोगिक, हौशी, लोककला. हे प्रकार नव्हेत, हे पत्ते आहेत. राज्य नाट्य स्पर्धेत संगीताला विभाग आहे, संस्कृताला आहे, बालनाट्याला आहे. पण दारात लिहिलेली संहिता दाखवावी लागते. दशावतार आणि झाडीपट्टी यांच्यासाठी सरकार महोत्सव भरवते, नाही असे नाही. महोत्सव म्हणजे पाहुण्यासारखे बोलावणे.

गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या झाडीपट्टीत दिवाळी ते होळी नाटकांचा हंगाम चालतो. धान घरात आलेले असते, शंकरपट भरतात, मंडई भरते, आणि गावात रात्रभराचे नाटक लागते. वडशाला कंपन्यांच्या कचेऱ्या आहेत. गावकरी तिथे जाऊन नाटक ठरवतात, तिकिटे विकतात, कंपनीला ठरलेले पैसे देतात, नट ठरलेल्या नाइटवर काम करतात. साथीला वादक समोर बसलेले, नाटकात गाणी. याहून व्यावसायिक काय असते? झाडीपट्टीतले नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा अनेक शहरी वर्तमानपत्रांना ही रंगभूमी आहे तरी कुठे हे नकाशात शोधावे लागले असणार. ‘मराठी व्यावसायिक रंगभूमी अडचणीत’ असे मथळे आपण वर्षातून दोनदा छापतो, तेव्हा वडशाचा हिशेब कुणी विचारात घेत नाही. मराठी नाटकाच्या अर्थकारणावर बोलणाऱ्या प्रत्येक परिसंवादात पुढच्या वर्षीपासून तिथला एक तरी कंपनी चालवणारा माणूस असावा, वक्ता म्हणून. आणि समीक्षकांनी यंदा परीक्षणाची वही घेऊन एक रात्र तिकडे काढावी. होळीपर्यंत वेळ आहे.