शमुवेलाचा आठवा अध्याय

जुन्या करारातील ‘१ शमुवेल’ या पुस्तकाचा आठवा अध्याय अवघ्या २२ वचनांचा आहे. इस्राएलचे वडीलजन म्हाताऱ्या शमुवेलाकडे येतात आणि इतर राष्ट्रांना आहे तसा राजा आम्हालाही दे, म्हणून अडून बसतात. तो बजावतो: राजा तुमचे मुलगे रथांपुढे धावायला नेईल, मुलींना स्वयंपाकाला जुंपेल, चांगली शेते आणि द्राक्षमळे काढून घेऊन आपल्या चाकरांना वाटेल, धान्याचा दहावा हिस्सा घेईल, मग कितीही आक्रोश केलात तरी देव ऐकणार नाही. लोकांना तरीही राजाच हवा असतो.

या यादीचा अर्थ काय, यावर सतराव्या शतकातले इंग्लंड हिरीरीने भांडले. पुढे इंग्लंडच्याही गादीवर बसलेल्या जेम्सने १५९८ मध्ये, तो फक्त स्कॉटलंडचा राजा असताना, आपला निवाडा देऊन टाकला होता: राजा काय काय करील हे आधीच सांगितले होते, प्रजेने ते पत्करले, आता तक्रारीला जागा नाही. १६५१ मध्ये तत्त्वज्ञ हॉब्जने ‘लेव्हायथन’मध्ये हाच अध्याय निरंकुश सत्तेच्या बाजूने उभा केला. आणि त्याच वर्षी कवी मिल्टनने, चार्ल्स राजाच्या शिरच्छेदाचे लॅटिनमधून समर्थन करताना, तोच राजांविरुद्ध वापरला. राजा मागणे म्हणजे देवाला नाकारणे, हे त्याच अध्यायात आहे ना!

एकाच मजकुरातून इतके उलटे निष्कर्ष निघत असतील, तर त्याने राजकीय विचार घडवला असे कशाच्या जोरावर म्हणायचे? राजा आणि पार्लमेंट यांचे भांडण करांचे होते, सैन्य कोणाच्या हाती असावे याचे होते, पार्लमेंट बोलवायची की नाही याचे होते. वचने मागाहून शोधली गेली. हा आक्षेप वजनदार आहे. १६६० मध्ये राजेशाही परतली तेव्हा बायबल तेच होते, आणि बिशपांना त्यात राजनिष्ठाच सापडली.

पण मग जेम्सची अस्वस्थता कशी समजवायची? १५६० च्या जिनिव्हा बायबलात समासात टिपा होत्या. इब्री बायकांना झालेले मुलगे जन्मताच मारा, असा फारोचा हुकूम सुइणींनी मोडला, ती कथा निर्गमच्या पहिल्याच अध्यायात येते. त्या खोटे बोलल्या हे वाईट, पण त्यांनी हुकूम मोडला ते रास्त, असा अभिप्राय टीपकारांनी तिथे नोंदवला. १६०४ च्या हॅम्प्टन कोर्ट परिषदेत जेम्सने या टिपेवर बोट ठेवले, आणि १६११ चे भाषांतर आले ते असल्या टिपा वगळूनच. ज्या ओळीची राजाला धास्ती वाटते, ती नुसती शोभेची नसावी.

हॉब्जचेही तेच. ‘लेव्हायथन’च्या चार भागांपैकी शेवटचे दोन मुख्यतः ख्रिस्ती राज्य आणि शास्त्रार्थ यांनाच वाहिलेले आहेत. इंग्रजी बायबल हाती आल्यापासून जो तो स्वतःला देवाच्या वाणीचा अर्थकार समजू लागला, ही तक्रार त्याचीच. (चार्ल्सविरुद्धच्या बंडाचे खापर त्याने ग्रीक-रोमन ग्रंथांवरही फोडले, हे त्याच्या चाहत्यांनी विसरू नये.)

अभ्यासक एरिक नेल्सन यांनी ‘द हिब्रू रिपब्लिक’ या २०१० च्या पुस्तकात याहून पुढची मांडणी केली. प्रजासत्ताक बरे, असे म्हणणारे पूर्वीही होते. राजेशाही मुळातच अवैध, हे म्हणण्याचे बळ ज्यू रब्बींच्या भाष्यांतून आले. मिल्टनपुरते हे मला पटते. सबंध शतकाला ते लावताना मात्र हात आखडता घ्यावा, कारण वाद घालणाऱ्या याच मंडळींनी रोमचा इतिहासही कोळून प्यायला होता. माझ्या मते धर्मग्रंथाने निष्कर्ष क्वचितच ठरवले. कोणता युक्तिवाद खपेल आणि वादात कोणाला बोलता येईल, हे मात्र ठरवले. लॅटिन न येणारा चांभारही आता राजाच्या हक्कांवर तोंड उघडू शकत होता.

थॉमस पेनने हे पुरते ओळखले होते. १७७६ च्या ‘कॉमन सेन्स’मध्ये अमेरिकन वाचकांना राजेशाहीविरुद्ध उठवताना त्याने शमुवेलाचा हाच अध्याय विस्ताराने मांडला. अमेरिकन पुढारी जॉन अ‍ॅडम्सने त्याला त्याबद्दल छेडले, तेव्हा पेन हसला आणि हा भाग मिल्टनवरून घेतला म्हणाला. जुन्या कराराला तो स्वतः काडीची किंमत देत नव्हता.