वचन म्हणजे लॉटरीचं तिकीट नव्हे

नातेवाईक मंडळींनो, आधीच सांगून ठेवतो, आजचं लिखाण वाचून तुमच्यातल्या काहींना राग येणार आहे. विशेषतः मावशीला. पण बरेच दिवस डोक्यात घोळतंय, तेव्हा लिहूनच टाकतो.

३१ डिसेंबरच्या रात्री उपासनेनंतर एक ताट फिरतं. त्यात घडी घातलेल्या चिठ्ठ्या असतात, प्रत्येक चिठ्ठीवर एक वचन. ज्याला जे मिळेल ते त्याचं 'वर्षाचं वचन'. मग घरी जाताना विचारपूस सुरू होते, "तुला काय आलं?" एखाद्याला भरभराटीचं आलं की तो खूश. एखाद्याला यिर्मयाच्या विलापातलं काही आलं तर तो बिचारा गप्प. (काही ठिकाणी तर असल्या चिठ्ठ्या ताटात ठेवतच नाहीत म्हणे!) वर्षभर सकाळी मोबाईलवर फुलांच्या चित्रासकट जी वचनं येतात, त्यांचाही थाट तोच. आशीर्वाद हवाय? दहा जणांना पाठवा.

माझं म्हणणं सरळ आहे. पवित्र शास्त्रातून आनंद मिळतो, आशीर्वादही मिळतो, यात मला तिळमात्र शंका नाही. पण तो वाचण्यातून, समजण्यातून मिळतो. वचन उचलून खिशात घातल्याने नाही. ही चिठ्ठ्यांची पद्धत आपल्याला तो आनंद देत तर नाहीच, उलट तो आपल्यापासून लांब ठेवते.

सगळ्यात लाडकं वचन घ्या: यिर्मयाच्या २९ व्या अध्यायातलं ११ वं. देवाने तुमच्यासाठी चांगल्या योजना आखल्या आहेत, या अर्थाचं. दहावीच्या निकालाला, लग्नाला, नव्या फ्लॅटला, सगळीकडे हेच. पण त्याच्या आधीचं १० वं वचन कुणी फ्रेम करून लावल्याचं पाहिलंय का? तिथे सत्तर वर्षांचा हिशोब आहे. हे पत्र आहे बाबेलात धरून नेलेल्या लोकांना. यिर्मया त्यांना सांगतो की इथेच घरं बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्नं करा, ज्या शहराने तुम्हाला कैद केलं त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेक जण परत जाणार नव्हते! त्याच्या आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा येतो आणि दोन वर्षांत सगळं ठीक होईल म्हणून ठोकून देतो. शास्त्र त्याला खोटा ठरवतं. आता प्रामाणिकपणे सांगा, आपण चिठ्ठी उचलतो तेव्हा आपल्याला यिर्मया हवा असतो की हनन्या?

ही नुसती वादाची खाज नाही. आमच्या नात्यातल्या एका वहिनींना नवऱ्याच्या आजारपणात आरोग्याचं वचन 'मिळालं' होतं. तो गेला. नंतर सांत्वनाला आलेल्या एकाने त्यांना विचारलं की विश्वासात काही कमी पडलं का. ज्या बाईने सहा महिने रात्रंदिवस सेवा केली तिला हा प्रश्न! तिकीट लागलं नाही तर दोष तिकीट घेणाऱ्याचा, असा हा हिशोब आहे. तो शास्त्राचा नाही, माणसांचा आहे.

मग शास्त्र काय म्हणतं? पहिलंच स्तोत्र उघडा. 'धन्य' कोण, तर जो देवाच्या शब्दात रमतो आणि रात्रंदिवस त्याचं मनन करतो. मननासाठी मूळ हिब्रूत जो शब्द आहे त्याचा अर्थ ओठांतल्या ओठांत पुटपुटणं, गुरगुरणं. यशयाच्या ३१ व्या अध्यायात हाच शब्द शिकारीवर बसून गुरगुरणाऱ्या सिंहासाठी आलाय. सिंह शिकारीचा एक लचका तोडून पुढे जात नाही, तो ठाण मांडून बसतो. आणि त्याच स्तोत्रातलं पाण्याकाठचं झाड फळ देतं ते आपल्या हंगामात. जानेवारीत आपण आंब्याच्या झाडाशी भांडायला जात नाही ना?

दुसरं उदाहरण नहेम्याच्या ८ व्या अध्यायातलं. आनंद आणि सामर्थ्य यांची सांगड घालणारं वचन गाड्यांच्या मागच्या काचेवर असतं, ते इथलं. प्रसंग असा: एज्रा सकाळपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतोय, बायकापुरुष सगळे उभे राहून ऐकतायत, लेवी लोक अर्थ समजावून सांगतायत. लोक आधी रडले. मग त्यांना सांगितलं गेलं, रडू नका, गोडधोड खा आणि ज्यांच्या घरी काही नाही त्यांना वाटे पाठवा. लोकांनी मोठा आनंद केला. का? तर वाचलेलं त्यांना समजलं म्हणून! तिथे ना कुणाला नोकरी लागली होती, ना घर मिळालं होतं.

आपल्या मराठीत हे कुणाला उमगलं असेल तर पंडिता रमाबाईंना. आईवडील आणि बहीण दुष्काळाच्या दिवसांत गेली, लग्नानंतर दोन वर्षांत, १८८२ साली, नवरा गेला. १८८३ साली त्या ख्रिस्ती झाल्या. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आसरा घेतलेल्या बायकांना कळावं म्हणून त्यांनी अख्खं बायबल हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत आणायला घेतलं. छापखाना तिथलाच, खिळे जुळवणाऱ्याही तिथल्याच बायका. १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तरी काम थांबलं नाही. एप्रिल १९२२ मध्ये रमाबाई गेल्या आणि पूर्ण बायबल बाहेर पडलं १९२४ साली, ते त्यांनी पाहिलंच नाही. चिठ्ठीच्या हिशोबाने या बाईला काय मिळालं? काहीच नाही. पण ज्या शब्दांसाठी माणूस उतारवयात हिब्रूच्या धातूंशी झटतो, त्यात त्याला काही गोडी लागली असल्याशिवाय का?

मावशी म्हणेल, "अरे, दुःखातल्या माणसाला एक वचन आधार देतं, तो का हिरावून घेतोस?" नाही गं, हिरावत नाही. दवाखान्यात उशाशी बसलेल्या माणसाला अख्खा अध्याय वाचायला सुचत नाही, एक ओळच पुरते. पण ती ओळ पुरते कारण तिच्या मागचं-पुढचं कधीतरी ऐकलेलं असतं. तुझ्या आईला वाचता येत नव्हतं, तरी रोज संध्याकाळी कुणाकडून तरी एक अध्याय ऐकायची, हे तूच सांगितलंयस. तिला चिठ्ठीची गरज कधी पडली नाही.

तेव्हा यंदा ताट फिरेल तेव्हा चिठ्ठी घ्या हवी तर. पण घरी जाऊन तो अध्याय पहिल्या वचनापासून शेवटपर्यंत वाचा, मोठ्याने, घरातल्या सगळ्यांना बसवून. समजलं नाही तर पुन्हा वाचा, कुणाला तरी विचारा. आणि मग गोडधोड करा, शेजारी वाटा पाठवा.

असो. मावशी, फोन कर. भांडायला तरी कर :)