नळीवरचे नाव

गणेशोत्सव, थोर पुरुषांच्या जयंत्या, संस्थांचे वर्धापनदिन अशा निमित्तांनी महाराष्ट्रात गावोगावी आरोग्य तपासणी शिबिरे भरतात. सेवावस्तीतील समाजमंदिरात, शाळेच्या वर्गात वा मंडपात सकाळपासून रांग लागते. दंडाला पट्टा आवळला जातो, सुई टोचली जाते आणि रक्ताने भरलेल्या नळ्यांची रास वाढत जाते. दुसऱ्या दिवशी वृत्त प्रसिद्ध होते की, अमुक इतक्या नागरिकांची रक्ततपासणी झाली. या उपक्रमांमागील सेवाभाव निर्विवाद आहे. परंतु सेवेचे मोजमाप नळ्यांच्या संख्येवरून करण्याची सवय जडली आहे आणि नळीतील रक्त कोणाचे, कसे काढलेले व किती वेळाने प्रयोगशाळेत पोहोचलेले, हा खरा प्रश्न मागे पडला आहे.

रक्ततपासणीतील चूक म्हटली की सर्वसामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे बिघडलेले यंत्र येते. वस्तुस्थिती निराळी आहे. इटलीतील पाडुआ येथील प्लेबानी व काररारो या संशोधकांनी रुग्णालयाच्या तातडीच्या प्रयोगशाळेतील चुकांचा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात ६८.२ टक्के चुका नमुना यंत्रात जाण्यापूर्वीच्या टप्प्यात घडलेल्या आढळल्या. दहा वर्षांनी, २००७ मध्ये, त्यांनी पुन्हा केलेल्या पाहणीत हे प्रमाण ६१.९ टक्के होते. यंत्र त्याला जे दिले जाते त्याचेच उत्तर देते. चुकीच्या नमुन्याचे अचूक विश्लेषण हेही अखेर असत्यच ठरते.

रक्त शरीराबाहेर आले तरी त्यातील पेशी जिवंत असतात. त्या साखर वापरत राहतात. साध्या नळीत तसेच ठेवलेल्या रक्तातील साखर सामान्य तापमानात दर तासाला सुमारे ५ ते ७ टक्क्यांनी घटते. सकाळी आठला घेतलेला नमुना दुपारी प्रयोगशाळेत पोहोचला, तर मधुमेही माणूस कागदावर निरोगी ठरू शकतो. याकरिता फ्लोराइडयुक्त, राखाडी टोपणाची नळी वापरतात. तथापि पहिल्या तास-दोन तासांत तीही ही घट पूर्णतः रोखू शकत नाही. पोटॅशियमचे याउलट आहे. तांबड्या पेशींत ते विपुल असते. बारीक सुईतून घाईने ओढल्यामुळे किंवा नळी जोरात हलवल्यामुळे पेशी फुटल्या, तर अहवालात पोटॅशियम वाढलेले दिसते आणि धडधाकट माणसाला धावपळ करावी लागते. जांभळ्या टोपणाच्या नळीतील रक्त दुसऱ्या नळीत ओतले, तर त्यातील रसायनामुळे पोटॅशियम वाढते आणि कॅल्शियम घटते. रक्त गोठण्याच्या चाचणीसाठी निळ्या टोपणाच्या नळीत नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट हेच प्रमाण लागते. नळी अपुरी भरली, तर हृदयरोग्याच्या औषधाची मात्रा चुकण्याचा धोका असतो.

याहून गंभीर चूक नावाची. एकाच गावात एकाच आडनावाची, प्रसंगी एकाच नावाची चार-चार माणसे असतात. असे असताना आधीच नावे चिकटवून ठेवलेल्या नळ्या किंवा रक्त काढून झाल्यावर टेबलाच्या टोकाशी बसून आठवणीने लिहिलेली नावे, ही अनर्थाची तयारी होय. शास्त्र सांगते ते सोपे आहे. रक्त घेतल्यानंतर व व्यक्ती समोरून उठण्यापूर्वी नळीवर पूर्ण नाव, जन्मतारीख वा नोंदणी क्रमांक आणि वेळ लिहावी. ‘तुम्ही अमुकच ना?’ असे विचारू नये, कारण कमी ऐकू येणारे वृद्ध त्यालाही मान डोलावतात. ‘आपले पूर्ण नाव सांगा’ असे म्हणावे. रक्तपेढीकडे जाणाऱ्या नमुन्यावर दुसऱ्याचे नाव पडले, तर विजोड रक्त चढून प्राण जाऊ शकतो. डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये मुंबईत शोधलेला ‘बॉम्बे’ रक्तगट तर नेहमीच्या प्राथमिक चाचणीत ‘ओ’ गटासारखाच दिसतो. असा दुर्मीळ निकाल समोर आला की प्रथम शंका नळीवरील नावाचीच घेतली जाते. नाव निःसंशय असेल तरच पुढचे सत्य हाती लागते.

त्यानंतर वाहतूक. राष्ट्रीय आरोग्य अभियानाने २०१५ मध्ये विनामूल्य निदान सेवा उपक्रम हाती घेतला. सर्वच चाचण्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होणे शक्य नसल्याने अनेक नमुन्यांना मोठ्या प्रयोगशाळेपर्यंत प्रवास करावा लागतो. धडगाव असो वा भामरागड, तेथील रस्ता आणि पावसाळा हाही तपासणीचाच एक भाग आहे. ‘बर्फात ठेवले की झाले’ ही समजूतही अपुरी आहे. बर्फाला थेट टेकलेल्या रक्तातील पेशी फुटतात, आणि न वेगळ्या केलेल्या रक्तातील पोटॅशियम थंडीतही वाढते. रक्त गोठू देऊन साधारणतः दोन तासांच्या आत रक्तद्रव वेगळा करावा आणि मगच तो शीतपेटीत, नळ्या उभ्या ठेवून न्यावा, हा योग्य मार्ग होय.

विनामूल्य सेवेत इतकी काटेकोर चिकित्सा कशासाठी, असा आक्षेप घेतला जाईल. उत्तर स्पष्ट आहे. सुस्थित कुटुंबाला अहवालाची शंका आली तर ते दुसरीकडे तपासणी करून घेते. शिबिरात आलेल्या मोलकरणीची किंवा शेतमजुराची ती बहुधा त्या वर्षातली एकमेव तपासणी असते. तिच्यावर तो पूर्ण विश्वास ठेवतो. त्याच्या हाती खोटा दिलासा देणे ही सेवा नव्हे.

कायद्यानेही काही मर्यादा आखल्या आहेत. प्रयोगशाळेच्या अहवालावर विकृतिशास्त्रातील पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच स्वाक्षरी हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केले. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी शिबिरांनाही आपल्या कक्षेत घेतले असून वापरलेल्या सुया मंडपामागे टाकून देण्याची मुभा कोणालाही नाही. परंतु अहवालावर स्वाक्षरी करणारा डॉक्टर मंडपात उपस्थित नसतो. तेथील सत्य तंत्रज्ञाच्या हाती आणि आयोजकांच्या शिस्तीवर अवलंबून असते.

म्हणून आयोजकांनी आधी प्रयोगशाळेला विचारावे की, दोन तासांत किती नमुन्यांना न्याय देता येईल. तेवढीच नोंदणी करावी. प्रत्येक तंत्रज्ञाच्या शेजारी केवळ नाव विचारून पडताळणारा एक कार्यकर्ता बसवावा. नळ्या उन्हात राहू नयेत याची जबाबदारी एकाकडे निश्चित सोपवावी. वाहन दुपारपर्यंत थांबवून ठेवू नये. पहिली खेप तासाभरात रवाना करावी. आणि घरोघरी प्रत्येक नागरिकाने, रक्त देऊन उठण्यापूर्वी, आपल्या नळीवरचे नाव स्वतः वाचावे. त्यात तंत्रज्ञाचा अवमान नाही. उलट त्याच्या कामाचे मोल जाणल्याची ती खूण आहे.

पाचशे नळ्यांच्या शिबिरापेक्षा शंभर निःसंशय नळ्यांचे शिबिर समाजाच्या अधिक उपयोगी पडते. वृत्तातील आकडा लहान होईल, पण त्यातील प्रत्येक नावामागे एक खरा अहवाल असेल.