पारख पावलांची

व्यापारी घरात पारखल्याशिवाय सहसा काही घेतले जात नाही. रुई चिमटीत ओढून तिच्या तंतूची लांबी पाहिली जाते, तांदळाचा दाणा दाताखाली धरून त्याचे जुनेपण ओळखले जाते, सोने कसाला लावल्याखेरीज तिजोरीत जात नाही. त्याच घरात गृहिणीच्या पायांत काय असावे, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणाच्या मनात येतो. मुलीने टाकून दिलेले बूट, सवलतीच्या दिवसांत इतरांच्या खरेदीबरोबर आलेला एखादा जोड किंवा रबरी स्लिपर यांवरच तिचे सकाळचे फिरणे चालू असते.

याचा परिणाम अनेक घरांत सारखाच दिसतो. रक्तातील साखर किंवा रक्तदाब वाढल्याचे निदान होते आणि डॉक्टर रोज चालण्याचा सल्ला देतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करणे आवश्यक आहे. गृहिणी उत्साहाने प्रारंभ करते. दोन-तीन आठवड्यांत टाच दुखू लागते, बोटांना फोड येतात, गुडघा भरून येतो आणि फिरणे थांबते. दोष वयाला दिला जातो. पुष्कळदा मात्र वय निर्दोष असते आणि अपराधी दाराबाहेर काढून ठेवलेल्या जोडात सापडतो. बूट चुकल्यामुळे ज्या चालण्यावर पुढील वीस वर्षांचे आरोग्य अवलंबून आहे ते चालणेच सुटते, हे खरे नुकसान होय.

स्त्रीचे पाऊल म्हणजे पुरुषाच्या पावलाची लहान आवृत्ती नव्हे. सामान्यतः तिच्या पावलाचा पुढचा भाग टाचेच्या मानाने रुंद असतो आणि टाच निमुळती असते. पुरुषी साच्यातील बूट केवळ लहान करून तिला दिला, तर पुढे बोटे आवळली जातात आणि मागे टाच निसटते. ही साधी गोष्ट ओळखण्यास पादत्राणांच्या व्यवसायाला फार काळ लागला. १९६६ साली बॉस्टनच्या मॅरेथॉनमध्ये प्रवेश नाकारला गेला असतानाही धावलेल्या बॉबी गिब यांनी सराव परिचारिकांच्या बुटांत केला होता आणि शर्यत मुलग्यांच्या बुटांत पुरी केली. स्त्रियांसाठी धावण्याचे बूट त्या काळी बाजारात मिळतच नव्हते. त्या शर्यतीत स्त्रियांना अधिकृत प्रवेश १९७२ साली मिळाला, आणि ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन प्रथम १९८४ साली झाली. स्त्रियांच्या पायाचे साचे हळूहळूच वेगळे घडू लागले.

भारतीय स्त्रीची अडचण याहून एका पायरीने अधिक आहे. आपल्याकडे प्रचलित असलेले क्रमांक ब्रिटिश पद्धतीचे आहेत. चेन्नई येथील केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशातील ७९ ठिकाणी एक लाखाहून अधिक लोकांच्या पावलांची मापे घेतली. भारतीय पाऊल युरोपीय व अमेरिकी पावलांपेक्षा रुंद असल्याचे त्यातून दिसून आले. त्यावरून भारतीयांसाठी ‘भा’ या नावाची स्वतंत्र मापपद्धती मांडण्यात आली आहे. परदेशी साच्यातील बूट रुंदीला आवळतो म्हणून अनेक स्त्रिया एक क्रमांक मोठा घेतात. त्यामुळे रुंदी साधते. परंतु लांबी वाढल्याने पाऊल आत घसरते आणि फोड येतात ते येतातच. याला उपाय रुंद साच्याचा बूट मागणे हाच आहे. कित्येक कंपन्या एकाच क्रमांकात ‘वाइड’ असा प्रकार ठेवतात. दुकानदार विचारल्याखेरीज तो सहसा काढून दाखवीत नाही.

दुकानात जाण्यापूर्वी घरीच माप घ्यावे. भिंतीला लागून कोरा कागद ठेवावा, टाच भिंतीला टेकवून त्यावर पूर्ण वजन देऊन उभे राहावे आणि सर्वांत लांब बोटापुढे पेन्सिलीने खूण करावी. कित्येकींचे दुसरे बोट अंगठ्याहून लांब असते. तसे असल्यास खूण दुसऱ्या बोटापुढे करावी. भिंतीपासून त्या खुणेपर्यंतचे अंतर सेंटीमीटरमध्ये मोजावे आणि पावलाच्या सर्वांत रुंद भागाचीही नोंद करावी. दोन्ही पाय मोजावेत, कारण ते क्वचितच तंतोतंत सारखे असतात. बूट मोठ्या पायाला घ्यावा. माप सायंकाळी घ्यावे, कारण दिवसभराच्या उभे राहण्याने पाऊल किंचित सुजते आणि चालतानाही ते फुगते. तरुणपणी पाच क्रमांक लागत होता म्हणून आजही पाचच लागेल, असे गृहीत धरू नये. गर्भारपणात पावलाची कमान सैल होऊन पाऊल लांबते आणि कित्येकींच्या बाबतीत ते पुन्हा पूर्ववत होत नाही. वयाबरोबरही ते पसरते.

क्रमांकांच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी बाळगावी. स्त्रियांचा अमेरिकी क्रमांक ब्रिटिश क्रमांकापेक्षा साधारण दोनने अधिक असतो आणि युरोपीय क्रमांक अडतीस, एकोणचाळीस असे चालतात. ब्रिटिश पद्धतीत एका क्रमांकाचा फरक सुमारे साडेआठ मिलिमीटरचा असतो, म्हणजे अर्ध्या क्रमांकानेही चार मिलिमीटर इकडेतिकडे होतात. बुटाच्या जिभेच्या आतील बाजूस शिवलेल्या चिठ्ठीवर बहुधा सेंटीमीटरचा आकडाही असतो. घरच्या कागदावरील मापाशी तो ताडून पाहावा.

बुटाचे अंतरंग समजले की विक्रेत्याच्या बोलण्यातील सार आणि फोल निवडता येते. जमिनीला लागतो तो रबराचा सोल. त्याचे काम पकड देण्याचे. त्याच्या वर फेसासारख्या हलक्या पदार्थाचा जाड थर असतो. तो बहुधा ईव्हीए नावाच्या फोमचा असतो आणि पाऊल आदळण्याचा धक्का तोच झेलतो. धावताना प्रत्येक पावलागणिक शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार जमिनीवर पडतो, हे लक्षात घेतले म्हणजे या थराचे मोल कळते. वरचा जाळीदार भाग पाऊल धरून ठेवतो व हवा खेळती राखतो. टाचेमागे कठीण पट्टी असते. ती टाच डळमळू देत नाही. टाचेकडील आणि चवड्याकडील उंचीत काही बुटांत दहा-बारा मिलिमीटरचा फरक असतो, काहींत तो मुळीच नसतो. वर्षानुवर्षे उंच टाचेची पादत्राणे वापरलेल्या स्त्रीने एकदम सपाट बूट घेतल्यास पोटरी व टाचेमागची शीर ताणली जाते. तिने हा बदल सावकाश करावा.

दुकानात पुढील कसोट्या लावाव्यात. रोजचे मोजे घालून दोन्ही बूट चढवावेत, लेस बांधावी आणि उभे राहावे. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी, म्हणजे सुमारे एक सेंटीमीटर, जागा असावी. बोटे आत मोकळेपणाने हलली पाहिजेत. चालताना टाच उचलली जाऊ नये. किंचित निसटत असल्यास लेसचे सर्वांत वरचे रिकामे छिद्र वापरून पाहावे. ते त्यासाठीच असते. बूट हातात घेऊन वाकवावा. तो चवड्यापाशी, बोटे जेथे वाकतात तेथे, वाकला पाहिजे. मध्येच दुमडणारा किंवा फडक्यासारखा पिळला जाणारा बूट बाजूला ठेवावा. त्यानंतर दुकानात पाच-सात मिनिटे चालून पाहावे, जमल्यास एखादा जिनाही चढून उतरावा. ‘वापराने सैल होईल’ या आश्वासनावर विसंबू नये. चांगला बूट पहिल्या क्षणापासून सुखकर असतो.

ओल्या पावलाचा ठसा पाहून कमान ठरवावी आणि त्याप्रमाणे बूट निवडावा, असा सल्ला अनेक ठिकाणी मिळतो. अमेरिकी सैन्यदलांतील नव्या भरतीच्या सैनिकांवर या पद्धतीची परीक्षा झाली. ठशावरून बूट दिलेल्यांच्या आणि सर्वांना सारखा बूट दिलेल्यांच्या दुखापतींत सांगण्याजोगा फरक आढळला नाही. कॅल्गरी विद्यापीठातील संशोधक बेन्नो निग यांनी २०१५ साली असे मत मांडले की, पायाला जो बूट सुखकर वाटतो तोच निवडण्यात शहाणपण आहे. तेव्हा यंत्रावरील रंगीत चित्रापेक्षा आणि किमतीच्या चिठ्ठीपेक्षाही आपल्या पायाची साक्ष अधिक विश्वसनीय मानावी. महाग बूट हलका व आकर्षक असेल; तो अधिक मानवेलच, असा नियम नाही. भारतीय मानक ब्युरोचे खेळाच्या पादत्राणांसाठी आयएस १५८४४ हे मानक आहे. त्याची खूण पाहून घेणे हिताचे.

अहिंसेचे व्रत पाळणाऱ्या घरांत आणखी एक पारख आवश्यक ठरते. धावण्याचे बहुतेक बूट कापडी जाळी, फोम व रबर यांचे असतात, म्हणून ते चर्ममुक्तच असतील असे मानले जाते. परंतु काही नमुन्यांत बोटांवर किंवा टाचेपाशी मऊ, लवदार चामड्याचे तुकडे जोडलेले असतात आणि काहींत लोकर वापरलेली असते. युरोपात विकल्या जाणाऱ्या बुटांवर घटकांच्या छोट्या आकृती असतात आणि त्या आपल्याकडे येणाऱ्या अनेक जोडांवरही आढळतात. पसरलेल्या कातड्याची आकृती म्हणजे चामडे. त्याच आकृतीत चौकट दिसली तर आवरण चढवलेले चामडे. जाळीदार विणीची आकृती म्हणजे कापड आणि नुसती चौकट म्हणजे अन्य पदार्थ. वरचा भाग, अस्तर आणि सोल यांसाठी ही चिन्हे स्वतंत्र दिलेली असतात, तिन्ही पाहावीत. सरस अर्थात डिंक मात्र या आकृतींत दाखवला जात नाही. आज बहुतेक कारखान्यांत तो कृत्रिम असतो. तरीही खात्री हवी असल्यास ‘व्हेगन’ असे स्पष्ट लिहिलेला जोड घ्यावा किंवा कंपनीला लेखी विचारावे.

मंदिरात, घरात, पेढीवर, सर्वत्र पादत्राणे उतरवण्याची आपली रीत आहे. दिवसातून अनेकदा बूट काढावे लागत असल्याने पुष्कळ स्त्रिया लेस न सोडता एका पायाने दुसऱ्या बुटाची टाच दाबून तो काढतात आणि घालतानाही मागची पट्टी तुडवतात. त्यामुळे टाच सांभाळणारा भाग महिन्या-दोन महिन्यांत मोडतो. अशांनी ताणली जाणारी लेस बसवून घ्यावी किंवा फिरण्याचा जोड केवळ फिरण्यासाठीच राखून ठेवावा. पायांत घालण्यापूर्वी बूट उलटा करून हलकेच झटकावा व आत पाहावे. पावसाळ्यात त्यात लहान जीव आश्रय घेतात. पाहून पाऊल टाकण्याची शिकवण ज्या घरात बालपणापासून मिळते, तेथे हे वेगळे सांगावे लागू नये.

मधुमेह असलेल्या भगिनींनी विशेष जपावे. पावलांची संवेदना मंदावली असेल तर बूट चावतो आहे हेच कळत नाही आणि लहानसा फोड मोठ्या जखमेचे रूप घेतो. त्यांनी सुखकर वाटण्यावर न विसंबता डॉक्टरांकडून बूट तपासून घ्यावा, नवा जोड आरंभी अर्धा-पाऊण तासच घालावा आणि रोज रात्री तळवे निरखून पाहावेत. सकाळी उठल्यावर पहिल्याच पावलाला टाचेत कळ येत असेल, तर तो तळव्याच्या पडद्याचा दाह असू शकतो. तेथे नवा बूट घेऊन न थांबता वैद्यकीय सल्ला घ्यावा.

बुटालाही आयुष्य असते. साधारण ५०० ते ८०० किलोमीटर धावल्यानंतर फोमची लवचीकता कमी होते. चालण्यात धक्का कमी बसत असल्याने तो थोडा अधिक टिकतो. रोज चार किलोमीटर फिरणारी स्त्री महिन्याला १२० किलोमीटर, म्हणजे पाच महिन्यांत ६०० किलोमीटर चालते. वरून बूट नवा दिसला तरी फोमवर खोल सुरकुत्या पडल्या असतील, सोल एका बाजूला झिजला असेल किंवा पूर्वी नसलेली कळ गुडघ्यात उमटू लागली असेल, तर जोड बदलण्याची वेळ आली असे समजावे. भिजलेला बूट उन्हात किंवा शेगडीजवळ न ठेवता, आत वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत वाळवावा. उष्णतेने चिकटवलेले भाग सुटतात.

साडीवर बूट कसे दिसतील, लोक काय म्हणतील, हा संकोच अजूनही पुष्कळ घरांत आहे. २०१३ साली बारामतीच्या लता करे पतीच्या उपचारासाठी पैसे मिळावेत म्हणून नऊवारी साडीत धावल्या आणि जिंकल्या. पुढे त्यांच्यावर चित्रपटही निघाला. त्यांचा पोशाख त्यांच्या आड आला नाही. मात्र त्या अनवाणी धावल्या. ज्यांना बूट परवडतात त्यांनी केवळ संकोचापायी पाऊल उघडे ठेवावे, यात कोणतीही साधेपणाची शोभा नाही.

घरातील पुरुषांसाठी एक सूचना उरते. वाढदिवसाला किंवा दिवाळीला बूट अचानक आणून देऊ नयेत. साडी नजरेने निवडता येते, बूट नाही. ज्या पायांना तो घालायचा आहे त्या पायांनाच सायंकाळी, मोजे बरोबर घेऊन, दुकानात न्यावे आणि चार जोड घालून चालून पाहण्याइतका निवांत वेळ तिला द्यावा.