पत्रपेटीची किल्ली कोणाच्या हातीं?

हल्लीं विद्यार्थ्याच्या आयुष्यांतील महत्त्वाचीं पत्रें बहुधा पोस्टमन आणीत नाहीं. महाविद्यालयांतील प्रवेशाची सूचना, शिष्यवृत्तीच्या अर्जांत राहिलेली उणीव, परीक्षेचें प्रवेशपत्र, मुलाखतीचें बोलावणें, हें सारें ई-मेलनें येतें. आणि त्यांतील पुष्कळ पत्रांस उत्तर देण्याची मुदतहि ठरलेली असते. असें असूनहि ही डाक आपल्या घरांत कोणत्या वाटेनें येते, आणि एखाद्या दिवशीं ती येईनाशी झाली तर काय करावें, याचा विचार फारच थोड्या घरांत झालेला आढळतो. डाक अडली कीं संगणक बंद करून पुन्हां चालू करावयाचा, आणि तेवढ्यानें न भागल्यास जवळच्या दुकानदारास किंवा एखाद्या जाणत्या मित्रास बोलावून त्याच्या हातीं पासवर्ड द्यावयाचा, हे दोनच उपाय बहुतेकांस ठाऊक असतात. यांतील दुसरा इलाज रोगापेक्षां भयंकर आहे. वरच्या इयत्तांतील प्रत्येक विद्यार्थ्यानें संगणकावरील ई-मेलचा प्रोग्रॅम स्वतःच्या हातानें मांडावयास, आणि तो अडला असतां दोष स्वतः शोधून काढावयास शिकलें पाहिजे, असें माझें स्पष्ट मत आहे.

“मोबाईलवर सर्व कांहीं दिसतें; मग हा खटाटोप कशाला?” असें कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. परंतु मोबाईलवर आपण जीं पत्रें वाचतों तीं दुसऱ्याच्या कोठारांत ठेवलेलीं असतात, हें विसरून चालणार नाहीं. गूगल जी जागा फुकट देते ती १५ जीबी असून तींत पत्रें, छायाचित्रें व इतर फाइली या सर्वांचा समावेश होतो. ती भरली आणि तशीच राहूं दिली, तर नवें पत्र येणें बंद होतें. शिवाय दोन वर्षें न वापरलेलें वैयक्तिक खातें आंतील पत्रांसह काढून टाकण्याचें धोरण त्या कंपनीनें २०२३ सालीं जाहीर केलें आहे. संगणकावरील प्रोग्रॅम पत्रांची प्रत आपल्याच यंत्रावर ठेवूं शकतो. यांपैकीं थंडरबर्ड नांवाचा प्रोग्रॅम मोझिलाकडून २००४ सालीं प्रसिद्ध झाला व तो आजहि विनामूल्य मिळतो. तेव्हां खर्चाची सबब येथें चालण्यासारखी नाहीं.

या प्रोग्रॅमचें काम समजण्यास मोठी विद्वत्ता लागत नाहीं. पत्र जाण्याची वाट निराळी व येण्याची वाट निराळी, एवढें ध्यानांत धरलें कीं अर्धें काम झालें. जाणाऱ्या पत्रांच्या नियमांस एसएमटीपी म्हणतात. ते १९८२ सालीं प्रसिद्ध झाले. येणाऱ्या पत्रांसाठीं दोन पद्धती आहेत. पॉप ही १९८४ सालची. आणि आयमॅप ही मार्क क्रिस्पिन यांनीं १९८६ सालीं स्टॅनफर्ड विद्यापीठांत रचिलेली. पॉप म्हणजे टपाल-कचेरींतील आपली पेटी उघडून पत्रें घरीं आणणें; आयमॅप म्हणजे मूळ पत्रें कचेरींतच ठेवून त्यांची प्रत घरीं पाहणें. हा भेद न जाणतां प्रोग्रॅम मांडला तर परिणाम काय होतो पाहा. पॉप पद्धतींत प्रत सर्व्हरवर ठेवण्याची खूण केलेली नसेल, तर पत्र घरीं आलें कीं तिकडील प्रत काढून टाकली जाते. मग पुढें संगणकाची डिस्क बिघडली कीं अनेक वर्षांचीं पत्रें एका क्षणांत जातात. उलट आयमॅपमध्यें येथें पुसलेलें पत्र तिकडेहि पुसलें जातें. म्हणून पद्धत कोणतीहि असो, मधून मधून सर्व पत्रांची एक प्रत निराळ्या डिस्कवर काढून ठेवावी. आणखी एक गोष्ट: पॉपनें स्पॅमच्या कप्प्यांतील पत्रें येत नाहींत. शिष्यवृत्तीचें पत्र चुकून त्या कप्प्यांत पडलें असेल तर यंत्रांत कोणताहि बिघाड नसतांना मुदत टळून जाईल. यासाठीं आठवड्यांतून एकदां तरी तो कप्पा संकेतस्थळावर जाऊन पाहावा.

आतां दोष शोधण्याविषयीं. नाडी पाहिल्यावांचून वैद्य औषध देत नाहीं. त्याप्रमाणें पत्र नेमकें कोठें अडलें हें ठरविल्यावांचून कोणतीहि खूण बदलूं नये. प्रथम एखादें संकेतस्थळ उघडतें कीं नाहीं तें पाहावें. तें उघडत नसेल तर दोष इंटरनेटचा आहे, प्रोग्रॅमचा नव्हे. पत्रें येतात पण जात नाहींत, असें असेल तर जाण्याची वाट तपासावी. सर्व्हरच्या ज्या क्रमांकाच्या दारानें पत्र आंत जातें त्यास पोर्ट म्हणतात. आपलें पत्र सोडण्यासाठीं ५८७ किंवा ४६५ हें पोर्ट लागतें. जुन्या टिपणांतून २५ हा आंकडा आढळतो. परंतु तें पोर्ट सर्व्हरांच्या आपसांतील व्यवहारासाठीं आहे, आणि निरर्थक डाकेस आळा घालण्यासाठीं इंटरनेट पुरविणाऱ्या कित्येक कंपन्या तें बंद ठेवितात. येणाऱ्या डाकेसाठीं आयमॅपचें सुरक्षित पोर्ट ९९३ व पॉपचें ९९५ असतें.

पासवर्ड बरोबर असूनहि प्रोग्रॅम तो नाकारतो, अशी तक्रार पुष्कळ ठिकाणीं ऐकूं येते. याचें कारण बहुधा निराळेंच असतें. गूगलनें ३० मे २०२२ पासून, आणि मायक्रोसॉफ्टनें आपल्या व्यक्तिगत खात्यांसाठीं १६ सप्टेंबर २०२४ पासून, नेहमीच्या पासवर्डावर अशा प्रोग्रॅमांस प्रवेश देणें बंद केलें. आतां प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्यें ओऑथ ही पद्धत निवडावी लागते. म्हणजे कंपनीचें स्वतःचें पान उघडतें व तेथें परवानगी देतां येते. हें ठाऊक नसलेला मनुष्य दहा वेळां पासवर्ड बदलीत बसतो आणि अखेरीस खातेंच अडकवून घेतो.

कधीं कधीं सर्व्हरचें प्रमाणपत्र खोटें असल्याचा इशारा येतो. अशा वेळीं ‘तरीहि पुढें जा’ हें बटण दाबण्याचा मोह आवरावा, आणि आधीं संगणकावरील तारीख पाहावी. जुन्या यंत्राच्या आंतील लहानसा सेल संपला म्हणजे घड्याळ कित्येक वर्षें मागें जातें, व चांगलें प्रमाणपत्रहि त्यास मुदतीबाहेरचें वाटतें. तारीख दुरुस्त केली कीं इशारा नाहींसा होतो. तारीख बरोबर असूनहि तो राहिला, तर मात्र धोका खरा समजून तेथेंच थांबावें.

यांत शिक्षण कोठें आलें, असें पालकांनीं विचारल्यास माझें उत्तर असें. एका वेळीं एकच गोष्ट बदलणें, बदलण्यापूर्वीं मूळची नोंद वहींत करणें, आणि पडद्यावरील सूचना न वाचतां ती झांकून न टाकणें, हे तीन नियम प्रयोगशाळेंतहि हेच असतात. सूचना बहुधा इंग्रजींत असते. मुलानें ती वाचून आईवडिलांस मराठींत समजावून सांगावी. ज्यास ती सांगतां आली त्यास ती समजली. जो घाबरून खातें प्रोग्रॅममधून काढून टाकतो व नव्यानें मांडूं लागतो, तो मात्र पॉपनें आणलेलीं जुनीं पत्रें त्याबरोबर गमावण्याचा संभव असतो.

आतां मुख्य मुद्दा. ई-मेलचा पासवर्ड म्हणजे एकाच खोलीची किल्ली नव्हे. इतर कित्येक खात्यांचा पासवर्ड विसरल्यास नवा करण्याचा दुवा ह्याच पेटींत येतो. ज्याच्या हातीं ही पेटी, त्याच्या हातीं घरांतील अनेक कुलुपें. दुकानदार प्रामाणिक असेलहि. परंतु आपल्या घरची किल्ली त्याच्या प्रामाणिकपणावर सोंपविण्याचें आपणांस कारण काय? मदत अवश्य घ्यावी. पण ती घेतांना आपण जवळ बसावें, पासवर्ड आपणच टाइप करावा, आणि केलेला प्रत्येक फरक लिहून घ्यावा.

म्हणून पालकांस माझी विनंती आहे कीं, त्यांनीं सुटींतील एक दुपार आपल्या पाल्यास द्यावी, आणि घरचा ई-मेल त्याच्याकडून मांडून घ्यावा. घरीं संगणक नसल्यास शाळेच्या संगणककक्षांत हा पाठ देतां येईल, व तो द्यावा अशी सूचना मी शाळेस करणार आहे. विद्यार्थ्यांनीं आपल्या वहीचें एक पान या नोंदींसाठीं राखून ठेवावें. मात्र त्या पानावर पासवर्ड लिहूं नये. आणि ज्या घरचा पासवर्ड पूर्वींच बाहेर गेला असेल, त्या घरानें तो आजच बदलावा.