विश्लेषण : केबलचे पैसे भरायचे, पण रेकॉर्डिंग करायचे नाही?

कायदा खासगी रेकॉर्डिंगला परवानगी देतो, सेट टॉप बॉक्स देत नाही. घरच्या संगणकावर आज नेमके काय शक्य आहे आणि नियमात कोणता बदल हवा?

शहरातल्या लोकल केबल वाहिनीवर संध्याकाळी सात वाजता निवृत्त शिक्षिकेची मुलाखत लागणार असते. घरातले सगळे टीव्हीसमोर जमतात आणि नातू मोबाइल आडवा धरून पडद्याचेच शूटिंग करतो. हात हलतो, पडद्यावर ट्यूबलाइट चमकते, मधेच कुकरची शिट्टी होते. महिन्याभराने फोन बदलला की ती क्लिपही जाते. मुलाखत पुन्हा लागत नाही आणि वाहिनीच्या ऑफिसात विचारले, तर ती हार्डडिस्कवरून कधीच पुसलेली असते.

टीव्हीवरचा कार्यक्रम जपून ठेवण्याची आजची घरगुती पद्धत ही अशी आहे. ज्या घरात चाळीस वर्षांपूर्वी व्हीसीआर होता, त्या घरात हे काम यापेक्षा नीट होत होते. तंत्रज्ञान पुढे गेले आणि प्रेक्षक मागे आला, तो कसा?

अडले कुठे?

२०१२ पूर्वी केबल बहुतांश अॅनालॉग होती. भिंतीतून आलेली वायर थेट टीव्हीला, व्हीसीआरला किंवा संगणकातल्या टीव्ही ट्यूनर कार्डला लावता येत असे. कार्डासोबतच्या सॉफ्टवेअरमध्ये वेळ लावली की कार्यक्रम हार्डडिस्कवर उतरत असे.

केबल कायद्यातील दुरुस्तीनंतर वाहिन्या डिजिटल आणि एन्क्रिप्टेड स्वरूपात देणे बंधनकारक झाले. मुंबईसह चार महानगरांसाठी ३१ ऑक्टोबर २०१२, तर पुणे, नागपूर, नाशिकसह ३८ शहरांसाठी ३१ मार्च २०१३ ही मुदत होती. शेवटचा टप्पा ३१ मार्च २०१७ रोजी संपला. किती घरांत केबल आहे याचा खरा आकडा कळावा आणि पैशांचा हिशेब लागावा, हा त्यामागचा एक प्रमुख हेतू होता आणि तो योग्यच होता. चित्र सुधारले, वाहिन्याही वाढल्या.

मात्र सिग्नल उलगडण्याची किल्ली सेट टॉप बॉक्सच्या पोटात गेली. आता डिजिटल केबलसाठीचा ट्यूनर संगणकाला जोडला, तर वाहिन्यांची नावे दिसू शकतात, पण चित्र येत नाही. यात मोफत वाहिन्या, दूरदर्शन आणि केबलचालकाची स्वतःची लोकल वाहिनीही आली.

कायदा काय म्हणतो?

घरी रेकॉर्डिंग करणे बेकायदा आहे, असा सर्रास समज आहे. तो चुकीचा आहे. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ३९ नुसार स्वतःच्या खासगी वापरासाठी प्रक्षेपणाचे ध्वनिमुद्रण किंवा चित्रमुद्रण केल्याने प्रक्षेपकाच्या हक्काचा भंग होत नाही. प्रामाणिक अध्यापन आणि संशोधनासाठीही हीच सवलत आहे. कलम ५२ मध्येही खासगी वापरासाठीच्या रास्त वापराला मुभा आहे.

अमेरिकेत हाच प्रश्न न्यायालयात सुटला. युनिव्हर्सल स्टुडिओ आणि डिस्ने यांनी सोनीच्या बीटामॅक्स रेकॉर्डरविरुद्ध खटला भरला होता. १७ जानेवारी १९८४ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला : कार्यक्रम नंतर पाहण्यासाठी घरी रेकॉर्ड करणे हा रास्त वापर आहे. आपल्याकडे कायद्याच्या पुस्तकातच सोय असल्याने अशा लढाईची गरज नव्हती.

२०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५ अ आले. हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक कुलूप तोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, अशी त्यात तरतूद आहे. कायद्याने स्पष्टपणे मना न केलेल्या कारणासाठी त्यात अपवादही ठेवला आहे. म्हणजे प्रेक्षकाचा हक्क कागदावर शाबूत आहे. तो बजावता येईल असा बॉक्स द्या, असे मात्र कायदा कुणालाच सांगत नाही.

बॉक्सला यूएसबी पोर्ट असतो, त्याचे काय?

अनेक बॉक्सना तो असतो. काहींत पेन ड्राइव्ह लावून रेकॉर्डिंगही होते. पण ती फाइल साधारणपणे त्याच बॉक्सवर चालते. संगणकाला जोडली तर उघडत नाही. बॉक्स बिघडला किंवा केबलचालक बदलला की साठवलेले सगळे निरुपयोगी होते. रेकॉर्डिंगची सोय असलेल्या डीटीएच बॉक्सचीही गत वेगळी नाही.

हा निव्वळ कंपन्यांचा आडमुठेपणा नाही. रेकॉर्डिंगची सोय असलेल्या बॉक्समध्ये कॉपी रोखणारी यंत्रणा असलीच पाहिजे, असे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या म्हणजे ट्रायच्या नियमांतच आहे. एका कायद्याने जे दिले, ते दुसऱ्या नियमाच्या एका ओळीने काढून घेतले. खरी अडचण इथे आहे.

मग घरच्या संगणकावर काय करता येते?

सर्वांत सरळ रस्ता बॉक्सच्या मागच्या एव्ही आउटपुटचा आहे. पिवळी, पांढरी आणि लाल पिन. नव्या बॉक्समध्ये यांच्या जागी कधी कधी हेडफोनसारखे एकच छिद्र असते आणि त्यातून तीन पिनांची वायर निघते. या पिना यूएसबी व्हिडिओ कॅप्चर डिव्हाइसला लावायच्या आणि ते संगणकाला जोडायचे. साधे कॅप्चर डिव्हाइस हजार रुपयांच्या आसपास मिळते. बहुतेक बॉक्समध्ये एचडीएमआय आणि एव्ही दोन्ही एकाच वेळी सुरू राहतात, त्यामुळे टीव्ही पाहता पाहता रेकॉर्डिंग होते.

सॉफ्टवेअर म्हणून ओबीएस स्टुडिओ पुरेसे आहे. ते मोफत आणि मुक्तस्रोत आहे. त्यात ‘व्हिडिओ कॅप्चर डिव्हाइस’ हा सोर्स निवडावा, व्हिडिओ स्टँडर्ड पाल ठेवावे, रिझोल्यूशन ७२० बाय ५७६ आणि वेग सेकंदाला २५ फ्रेम. पळणाऱ्या माणसाच्या कडेला कंगव्यासारख्या रेघा दिसल्या, तर त्याच सोर्सवर डीइंटरलेसिंग सुरू करावे. आवाजासाठी कॅप्चर डिव्हाइसचाच ऑडिओ निवडावा. नाही तर लॅपटॉपचा माइक खोलीतल्या गप्पा टिपत बसतो.

एचडीएमआयमधून का नाही? कारण त्या सिग्नलवर बहुतेकदा एचडीसीपी नावाचे कुलूप असते आणि कॅप्चर डिव्हाइसवर काळा पडदा येतो. एव्हीतून एचडी मिळत नाही हे खरे, पण लोकल वाहिनीचे मूळ चित्रच बहुधा एसडी असते. तिथे काही गमावण्यासारखे नाही.

घरात संगणक नसेल, तर ओटीजी असलेल्या अनेक अँड्रॉइड फोनवरही यूएसबी कॅमेऱ्याच्या अॅपने असे डिव्हाइस चालू शकते. लांब रेकॉर्डिंगला मात्र संगणकच बरा.

हार्डडिस्क किती लागेल?

भीती वाटते तेवढी नाही. एसडी चित्र काहीही न दाबता साठवले, तर तासाला सुमारे ७५ जीबी लागतील. पण एच.२६४ पद्धतीने सेकंदाला दोन मेगाबिट वेगाने साठवले, तर तासाला साधारण ०.९ जीबी पुरतात. म्हणजे एक टीबीच्या हार्डडिस्कवर एक हजार तासांहून अधिक मजकूर मावतो. जुना पेन ड्राइव्ह वापरत असाल, तर तो फॅट ३२ फॉरमॅटमध्ये नाही ना, हे पाहावे. त्यात चार जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही आणि कार्यक्रम अर्ध्यातच तुटतो.

हमखास चुका कोणत्या?

पहिली, फाइलचा प्रकार. एमपी४ मध्ये रेकॉर्डिंग सुरू असताना वीज गेली, तर बहुधा पूर्ण फाइल हातची जाते. एमकेव्हीमध्ये वीज जाईपर्यंतचा भाग वाचतो. भारनियमनाच्या गावात ही एक सेटिंग लाखमोलाची आहे. लॅपटॉपला बॅटरी असते, पण बॉक्सला नसते. बॉक्स इन्व्हर्टरवर हवा.

दुसरी, झोप. विंडोजचे स्लीप बंद करावे आणि बॉक्सचा वीजबचतीचा पर्यायही बंद करावा.

तिसरी, रिमोट. पडद्यावर जे दिसेल तेच रेकॉर्ड होते. संगणक बॉक्सची वाहिनी बदलू शकत नाही. घरात कुणी मधेच क्रिकेट लावले, तर मुलाखतीऐवजी क्रिकेट साठवले जाईल. काही बॉक्समध्ये ठरल्या वेळी वाहिनी लावणारा रिमाइंडर असतो, तो वापरावा. ओबीएसमधील ‘आउटपुट टायमर’ ठरावीक वेळाने रेकॉर्डिंग थांबवतो.

चौथी आणि सर्वांत महागडी, चाचणी न घेणे. आदल्या दिवशी पाच मिनिटे रेकॉर्ड करून ती फाइल आवाजासह पाहावी. चित्र येत नसेल, तर पिनांची अदलाबदल करून पाहावी. एकाच छिद्राच्या वायरींमध्ये पिनांचा क्रम सारखा नसतो.

सह्याद्री रेकॉर्ड करायचे असेल तर?

त्यासाठी केबलची गरजच नाही. डीडी फ्री डिशवर सह्याद्रीसह अनेक वाहिन्या एन्क्रिप्शनशिवाय येतात. छतावरच्या डिशची वायर संगणकातल्या डीव्हीबी-एस२ ट्यूनरला लावली आणि टीव्हीहेडएंडसारखे मोफत सॉफ्टवेअर घेतले, की वेळापत्रकानुसार रेकॉर्डिंग आपोआप होते. आलेला डिजिटल प्रवाह तसाच साठतो, त्यामुळे दर्जाही घटत नाही. तीच सह्याद्री केबलमधून आली की कुलूपबंद होते. पैसे न भरणाऱ्याला रेकॉर्डिंग करता येते, पैसे भरणाऱ्याला येत नाही.

ओटीटी असताना हा खटाटोप कशाला?

गाजलेल्या मालिकेसाठी नकोच. ती ओटीटीवर आहे, निदान हक्कांचा करार संपेपर्यंत तरी. प्रश्न तिथे नसलेल्या गोष्टींचा आहे. लोकल केबलवरचे विसर्जन मिरवणुकीचे थेट प्रक्षेपण, गावजत्रेतला कुस्तीचा फड, पालिकेच्या सभेतली खडाजंगी, शाळेचे स्नेहसंमेलन, पुराच्या दिवसांतल्या बातम्या. हे कुठल्याही अॅपवर येत नाही आणि दहा वर्षांनी नेमके हेच शोधले जाते. नगरसेवकाने सभागृहात कोणते आश्वासन दिले होते, हे सिद्ध करायलाही रेकॉर्डिंगच लागते.

प्रक्षेपक सगळे जपून ठेवतील, या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. बीबीसीसारख्या संस्थेने १९६० आणि ७० च्या दशकांत टेप पुसून पुन्हा वापरल्या आणि ‘डॉक्टर हू’ या लाडक्या मालिकेचे अनेक भाग गमावले. हरवलेल्या भागांचा आवाज मात्र आज उपलब्ध आहे, कारण काही प्रेक्षकांनी तो घरच्या टेपरेकॉर्डरवर टिपला होता. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मेरियन स्टोक्स यांनी १९७० च्या दशकापासून २०१२ मधील मृत्यूपर्यंत टीव्हीवरच्या बातम्या घरी रेकॉर्ड केल्या. त्यांच्या सुमारे ७० हजार कॅसेट पुढे इंटरनेट अर्काइव्हकडे गेल्या. त्यांच्या घरी एन्क्रिप्टेड बॉक्स आणि कॉपी रोखणारी यंत्रणा असती, तर हा साठा उभाच राहिला नसता.

चाचेगिरी वाढेल, त्याचे काय?

वाहिन्यांची ही भीती खोटी नाही. सामन्यांचे आणि चित्रपटांचे हक्क कोट्यवधींना विकले जातात. पण पडद्यावर अधूनमधून चमकून जाणारा तो आकडा आठवावा. त्याला फिंगरप्रिंटिंग म्हणतात. कोणत्या ग्राहकाच्या बॉक्समधून चित्र बाहेर गेले, हे त्यावरून शोधता येते आणि ही सोय बॉक्समध्ये असणे नियमानेच सक्तीचे आहे. चोराला पकडण्याचे साधन हाताशी असताना सगळ्याच ग्राहकांना चोर समजण्याचे कारण नाही. खासगी वापराची मर्यादा मात्र प्रेक्षकानेही पाळायला हवी. रेकॉर्ड केलेली मालिका यूट्यूबवर टाकणे किंवा विकणे हा खासगी वापर नाही.

बदल काय हवा?

मागणी मोठी नाही. सशुल्क वाहिन्यांचे संरक्षण तूर्त राहू द्यावे. पण दूरदर्शन, मोफत वाहिन्या आणि केबलचालकाच्या लोकल वाहिन्या बॉक्सच्या यूएसबी पोर्टवरून कुठल्याही संगणकावर चालेल अशा फाइलमध्ये रेकॉर्ड करता आल्या पाहिजेत. त्यासाठी कॉपी रोखण्याच्या नियमात एक अपवाद पुरेसा आहे. एप्रिल २०२० मध्ये ट्रायने सेट टॉप बॉक्स परस्परांशी सुसंगत असावेत आणि टीव्ही संचांना यूएसबीवर आधारित सामाईक इंटरफेस असावा, अशी शिफारस केली होती. त्याच चर्चेत रेकॉर्डिंगचा मुद्दा यायला हवा.

तोपर्यंत ज्या घरात पिवळी पिन आणि जुना लॅपटॉप आहे, त्यांनी वाट पाहू नये. कार्यक्रम उतरवल्यावर फाइलला तारीख, वाहिनी आणि नाव द्यावे आणि दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावी. पुढच्या वेळी शिक्षिकाबाईंची मुलाखत लागेल, तेव्हा नातवाने मोबाइल खिशात ठेवून ती आजीशेजारी बसून पाहावी.