शिकाऊ हात आणि परमुलखातला रुग्ण

वैद्यकाचे शिक्षण घेणाऱ्या मुलामुलींना सुटीचे दिवस जवळ येऊ लागले की अलीकडे एक मोहक आमंत्रण येते. चार आठवडे आफ्रिकेतील अथवा दक्षिण अमेरिकेतील एखाद्या रुग्णालयात या, गोरगरिबांची सेवा करा, प्रत्यक्ष रुग्णांवर हात चालवा आणि प्रमाणपत्र घेऊन परत जा, असा त्याचा मथितार्थ असतो. सोबत हसऱ्या मुलांच्या घोळक्यात उभ्या असलेल्या पांढऱ्या डगल्यातील तरुणाचे छायाचित्र असते आणि अगदी शेवटी, बारीक अक्षरांत, शुल्काचा आकडा असतो. सेवा करण्यासाठी सेवकानेच पैसे मोजावयाचे, हा व्यवहार प्रथमदर्शनीच विचित्र वाटतो. परंतु त्यातील खरा दोष पैशाचा नाही. तो त्याहून गंभीर आहे आणि म्हणूनच त्याविषयी लिहिणे आम्हांस अवश्य वाटते.

प्रथम हे स्पष्ट केले पाहिजे की, परदेशी जाऊन शिकण्याच्या आकांक्षेची टिंगल करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. कूपमंडूक वृत्तीने कोणतीही विद्या वाढत नाही. वैद्यकविद्या तर नाहीच. पुस्तकात वाचलेला रोग निराळ्या हवापाण्यात, निराळ्या समाजात कसा दिसतो, हे ज्याने पाहिले त्याची दृष्टी व्यापक होते. शिवाय अमेरिकेत पदव्युत्तर शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्यांना तेथील रुग्णालयातील अनुभव आणि तेथील डॉक्टरांची शिफारसपत्रे उपयोगी पडतात, हेही खरे. मध्यमवर्गीय पालक पोटाला चिमटा घेऊन मुलांच्या प्रवासाची तजवीज करतात ती याच आशेने. त्या आशेबद्दल आम्हांला आदरच आहे. आमचा आक्षेप एवढाच की, या साऱ्या हिशेबात खाटेवर पडलेल्या रुग्णाचा विचार कोणीच करीत नाही.

ज्या विद्यार्थ्याला स्वदेशात वरिष्ठांच्या देखरेखीवाचून एक टाकाही घालता येत नाही, त्याला परमुलखात मात्र प्रसूती करावयास मिळेल, असे आश्वासन दिले जाते. हे आश्वासन कोणाच्या जिवावर दिले जाते? आपल्या देशात २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या ३४ व्या कलमान्वये, नोंदणीवाचून वैद्यकी करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. रुग्णाचे शरीर ही शिकाऊ उमेदवाराच्या हौसेची वस्तू नव्हे, हेच तत्त्व या तरतुदीच्या मुळाशी आहे. तेच तत्त्व विमानात बसताच गळून पडते काय? उद्या एखादा परदेशी विद्यार्थी आपल्या जिल्हा रुग्णालयात आला आणि भाषेचे एक अक्षर न समजता आपल्या भगिनीची प्रसूती करू लागला, तर आपण ते सहन करणार नाही. मग केनियातील अथवा पेरूमधील मातेने ते का सहन करावे? अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेने २०११ साली आपल्या विद्यार्थ्यांसाठी याविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. मायदेशी जे करण्याचा अधिकार नाही ते परदेशी करू नये, हेच त्यांचे सार आहे. श्रीमंत देशांना आपल्या मुलांना हे बजावावे लागले, यावरूनच दुखणे किती पसरले आहे याची कल्पना यावी.

केवळ सद्हेतू पुरेसा नसतो, याचा दाखला हैतीने दिला. १२ जानेवारी २०१० रोजी तेथे भूकंप झाला आणि जगभरातून वैद्यकीय पथके धावली. त्यांपैकी अनेकांनी अमोल कार्य केले. परंतु काही पथके पुरेशी तयारी आणि साधने यांवाचूनच येऊन थडकली आणि आधीच कोलमडलेल्या व्यवस्थेवर त्यांचाच भार पडला. या अनुभवातून बोध घेऊन जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली परकी वैद्यकीय पथकांसाठी किमान कसोट्या निश्चित केल्या. अनुभवी डॉक्टरांनाही जेथे कसोटी लागते, तेथे विद्यार्थ्यांना ती नको, असे कोण म्हणेल?

परदेशी जाऊन सेवा कशी करावी याचा आदर्श शोधावयास महाराष्ट्राला दूर जावे लागत नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली काँग्रेसने पाठविलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. ते पथक आगंतुक नव्हते. चीनचे सेनानी चू तेह यांनी जवाहरलाल नेहरूंकडे साहाय्य मागितले होते. कोटणीस मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर होऊन गेले होते. तेथे गेल्यावर ते चिनी भाषा शिकले, सैनिकांमध्ये मिसळले, बेथ्यून यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच त्यांनी देह ठेवला. निमंत्रण, पात्रता, भाषा आणि टिकून राहण्याची तयारी या चारही गोष्टी त्यांच्यापाशी होत्या. प्रत्येकाने कोटणीस व्हावे, असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्यापाशी या चारांपैकी एकही नाही, त्याने आपल्या सहलीला सेवा म्हणू नये. त्याने शिकावयास जावे, आणि शिकावयास जात आहोत असेच प्रांजळपणे सांगावे.

शिकण्याचे सरळ मार्ग आहेतही. वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ १९५१ पासून परस्परांचे विद्यार्थी परस्परांनी स्वीकारावेत या तत्त्वावर देवाणघेवाण घडवीत आला आहे, आणि भारतीय विद्यार्थ्यांची संघटनाही त्यात सहभागी आहे. जागतिक आरोग्य संघटना विद्यार्थ्यांना इंटर्न म्हणून घेते. २०१८ च्या जागतिक आरोग्य सभेने या उमेदवारांपैकी किमान निम्मे अल्पविकसित व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील असावेत, असे उद्दिष्ट ठरविले, आणि २०२० पासून त्यांना विद्यावेतन मिळू लागले. या संस्थेकडे अर्ज करण्यास एक पैसाही लागत नाही. ती जागा मिळवून देतो असे सांगून जो दलाल पैसे मागतो, त्याला दारातूनच परत पाठवावे. परदेशी रुग्णालयांतील निरीक्षक म्हणून मिळणारी संधीही उपयुक्त असते; मात्र तेथे पाहावयाचे असते, उपचार करावयाचे नसतात, आणि मायदेशातील बारा महिन्यांच्या सक्तीच्या इंटर्नशिपची जागा ती घेऊ शकत नाही, हे आधीच समजून घ्यावे.

पैसे भरण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी व पालकांनी काही प्रश्न अवश्य विचारावेत. त्या रुग्णालयाने स्वतः विद्यार्थी मागितले आहेत काय? तेथे देखरेख करणाऱ्या डॉक्टरांचे नाव व हुद्दा काय? भरलेल्या शुल्कापैकी किती रक्कम त्या रुग्णालयास मिळते? तेथील कायदा विद्यार्थ्याला काय करू देतो? विद्यार्थी उभा आहे याची कल्पना देऊन रुग्णाची संमती घेतली जाते काय? यांची उत्तरे लेखी मिळत नसतील, तर तो व्यवहार सोडून द्यावा.

परंतु हा सारा बोजा वीस वर्षांच्या मुलावर टाकून विद्यापीठाने आणि महाविद्यालयांनी हात झटकणे योग्य नव्हे. २०१९ पासूनच्या अभ्यासक्रमात 'ऐच्छिक' कालखंडाची सोय झाली आहे. परकी संस्थांशी थेट करार करणे, त्यांची शहानिशा करणे, होतकरू पण गरीब विद्यार्थ्यांस प्रवासखर्च देणे आणि परत आलेल्यांचे अनुभव नोंदवून ठेवणे, हे काम प्रत्येक महाविद्यालयात एका जबाबदार प्राध्यापकाकडे सोपविता येईल. ते होत नाही म्हणूनच दलालांचे फावते.

आणखी एक गोष्ट. १९७० साली रजनीकांत व मेबेल आरोळे यांनी जामखेडला खेड्यातील स्त्रियांच्या हाती आरोग्याची सूत्रे दिली. ते काम पाहावयास देशोदेशींचे लोक तेथे आले. गडचिरोलीत अभय व राणी बंग यांनी नवजात बालकांची घरीच काळजी घेण्याची रीत सिद्ध केली आणि १९९९ साली 'लॅन्सेट'मधून ती जगापुढे आली. बंग दांपत्यही अमेरिकेत शिकून आले होते. पण तेथे मिळविलेली विद्या त्यांनी गडचिरोलीच्या झोपडीपर्यंत नेली. आमच्या विद्यार्थ्यांनी अवश्य परदेशी जावे. जाण्यापूर्वी एक महिना जामखेडला किंवा गडचिरोलीला घालवावा, आणि परमुलखातल्या रुग्णाच्या खाटेपाशी उभे राहताना, हा आपल्या घरचाच माणूस आहे, असे समजून हात आवरावा.